चिकट पॅडवरचा उंदीर कोण उचलतं?

उंदीर मारूच नयेत, असं मी म्हणणार नाहीये. मुंबईत जुलैमध्ये साचलेल्या पाण्यातून ऑफिस गाठणाऱ्याला लेप्टो म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उंदरांच्या लघवीतून तो त्या पाण्यात उतरतो आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातून अंगात शिरतो. गणपतीच्या वाहनाचा दाखलाही देत नाही. तो युक्तिवाद दरवर्षी मूर्तीबरोबरच विसर्जित होतो. उंदीर मारावे लागतात. माझं भांडण आहे ते चिकट पॅडशी.

तुम्ही पाहिलाच असेल. पुस्तकासारखा उघडणारा पुठ्ठा, आत न वाळणारा गोंद. अ‍ॅपवरून दुधाच्या पिशवीबरोबर दहा मिनिटांत घरी येतो. पाकिटावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं, आणि ते खरंच आहे. त्यात विष नाही. खरं तर मारण्याची कुठलीच सोय त्यात नाही. तो फक्त धरून ठेवतो. पुढचं काम उंदराने करायचं: तहानेने मरायचं, दमून मरायचं, नाहीतर नाक गोंदात रुतून गुदमरायचं. सुटायच्या धडपडीत कातडी सोलवटते. काही उंदीर अडकलेला पाय स्वतःच कुरतडतात. हे तासन्‌तास चालतं, कधी दिवस उलटून जातो.

आणि पॅड लावणारा सहसा तो उचलत नाही. ‘मावशी, ते जरा टाकून द्या ना’, एवढं म्हणून तो आंघोळीला जातो. मावशी पुठ्ठा मिटतात, पिशवीत घालतात, आतून चीं चीं चालूच असते. पिशवी डब्यात, डबा कचऱ्याच्या गाडीत. पुढे कुठेतरी एक माणूस, बहुधा हातमोज्यांशिवाय, तीच पिशवी कचरा वेगळा करायला उघडतो. आत भेदरलेलं, चावू शकणारं जिवंत जनावर. घाबरलेला उंदीर जास्त मुततो, म्हणून अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्थाही ग्लू ट्रॅप वापरू नका असं सांगते. म्हणजे ज्या रोगाच्या भीतीने पॅड आणला, तो आपण पिशवीत बांधून दुसऱ्याच्या हातात दिला. क्रूरपणा तर आहेच, पण मला जास्त टोचते ती ही पळवाट. जीव घ्यायचाय, पण घेताना आपण तिथे नसायचं.

याच शहरात महापालिकेचे मूषक संहारक रात्रपाळीत टॉर्च आणि काठी घेऊन गल्लीबोळांत फिरतात. रात्रीला तीस उंदीर, असं लक्ष्य. ही नोकरी कुणाच्या वाट्याला यावी असं मी म्हणणार नाही. पण उंदराच्या बाजूने पाहा: नेमका बसलेला एक फटका, आणि संपलं. दिसायला ते भयंकर आणि आपला गुळगुळीत पुठ्ठा मात्र सभ्य, हे नक्की कुठल्या हिशोबाने?

मग विष? बाजारातल्या बऱ्याच केकांमध्ये ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही, उंदीर काही दिवसांत आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. असा अर्धमेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला की विष त्यांच्याही पोटात. पिंजऱ्यात पकडून लांब सोडणारे प्राणीप्रेमी असतात. ते ‘लांब’ म्हणजे बहुतेकदा नाल्यापलीकडची वस्ती. तिथल्या लोकांना कोणी विचारलं?

उरतो आपला जुना चाप. चांगल्या स्प्रिंगचा, आमिषाची बाजू भिंतीकडे करून आडवा लावलेला, मूल किंवा मांजर पोहोचणार नाही असा. नीट बसला तर मान किंवा कवटी क्षणात मोडते. पुन्हा पुन्हा वापरता येतो, त्यामुळे ‘गरिबाला पॅडच परवडतो’ हेही खरं नाही. तान्ह्या बाळाच्या पायाला उंदीर चावलेल्या घरात जाऊन मी प्रवचन देणार नाही. मी बोलतोय ते लिफ्ट असलेल्या सोसायट्यांशी.

कायद्याचं म्हणाल, तर १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अनावश्यक वेदना देण्याला गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, पॅडच्या डिलिव्हरी चार्जएवढा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ आणि २०२० मध्ये राज्यांना या पॅडविरुद्ध पावलं उचलायला सांगितलं, तरी अ‍ॅपवर ते दिसतातच. न्यूझीलंडने २०१५ पासून परवानगीशिवाय वापर बंद केला. इंग्लंडमध्ये जुलै २०२४ पासून सामान्य माणसाने पॅड लावणं गुन्हा आहे.

मुळात मारायची वेळ कमी यावी, हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला बारा. सिंकखालच्या पाइपाभोवतीचं भोक बघा. तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावायला अर्धा तास लागतो. कचऱ्याची खोली रात्रभर उघडी, तळमजल्यावर कबुतरांना दाणे, आणि मीटिंगमध्ये भांडण पार्किंगवरून! उंदरीण तीन आठवड्यांत विते. तुम्ही पुठ्ठे मागवत बसा.

सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलचं कंत्राट यंदा नवं कराल तेव्हा त्यात एक ओळ घालून घ्या, चिकट पॅड चालणार नाहीत. आणि घरात ज्याला पॅडच हवा असेल, त्याने सकाळी तो स्वतःच्या हाताने उचलावा, आत जीव असेल तर तोही स्वतःच, एका फटक्यात संपवावा. मावशींना हाक मारू नये.