बॉनेटवर एक टकटक

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळची घाई, बाहेर पावसाची रिपरिप. यांचा डबा वर राहिला म्हणून तो घेऊन मी पार्किंगमध्ये उतरले. यांनी किल्ली फिरवली आणि बॉनेटच्या आतून असा काही आवाज आला, की अजूनही आठवला तरी अंगावर काटा येतो. गाडी लगेच बंद केली, वॉचमनकाका धावत आले, बॉनेट उघडलं. बॅटरीच्या कडेला मांजराची तीन पिल्लं होती. डोळे जेमतेम उघडलेली. दोन जिवंत होती. तिसरं पट्ट्यात सापडलं होतं. समोरच्या भिंतीवर त्यांची आई नुसती ओरडत होती.

हे त्या दिवशी रिक्षाने ऑफिसला गेले. डबा माझ्याच हातात राहिला.

संध्याकाळी सोसायटीत हाच विषय. कुणी म्हणालं, "पोत्यात घाला आणि मंडईजवळ सोडून या." कुणी म्हणालं, "डांबरगोळ्या टाका, फिनेल ओता, आपोआप जातील." एक काका तर वैतागून म्हणाले, "एवढं मोठं आवार पडलंय, मग या मांजरांना गाडीतच काय मरायला जायचं असतं?"

प्रश्न रागाने विचारलेला होता, पण मला तो अगदी बरोबर वाटला. खरंच, गाडीतच का?

मी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं, की आपल्या आधी लक्षात कसं आलं नाही, याचीच लाज वाटली. मांजराला आपल्यापेक्षा जास्त ऊब लागते. आपल्याला पंचविसाच्या आसपास बरं वाटतं, तर मांजराला तीस अंशांच्या वर. पिल्लांची तर आणखी पंचाईत. पहिले काही आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. आई दूर गेली की ती गारठतात. रात्री घरी आलेल्या गाडीचं इंजिन पुढे कितीतरी वेळ कोमट असतं. खालून ते बरंचसं उघडं असतं, चाकाच्या बाजूने मांजर अलगद वर शिरतं. आत पाऊस येत नाही, अंधार असतो आणि मुख्य म्हणजे तिथे कुत्रा पोचत नाही. कधी वायरी कुरतडायला उंदीर शिरतात, त्यांच्या मागावरही मांजर आत जातं. एका आईला याहून चांगली जागा कुठली सापडणार? ही जागा सकाळी साडेआठला सुरू होते, एवढंच तिला ठाऊक नसतं.

मैत्रिणींनो, आपल्या लहानपणी मांजरी कुठे व्यायच्या, आठवून बघा. आमच्या वाड्यात माळा होता, त्यावर जुन्या गाद्या. जिन्याखाली अडगळ, मागच्या पडवीत बंबासाठी ठेवलेल्या लाकडांचा ढीग. चार-आठ दिवस मांजरी दिसली नाही, की आजी म्हणायची, "माळ्यावर कुणी जाऊ नका रे." बस्स, तेवढाच काय तो बंदोबस्त. आता वाडे पडले, बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. खाली फरशी, वर स्लॅब, मध्ये ओळीने गाड्या. अडगळ आपण भंगारात दिली आणि कोपरे सिमेंटने बुजवले. मांजर गाडीत शिरलं असं आपण म्हणतो. तिच्या बाजूने पाहिलं, तर आपणच तिच्यासाठी दुसरी जागा ठेवलेली नाही.

मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडे म्हणतात. कुणाची चाहूल लागली, धोका वाटला, की ती पिल्लू तोंडात धरून निघते. मी ज्या बचत गटाचं काम बघते, त्यात घरकाम करणारी एक बाई आहे. दर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि तिला खोली बदलावी लागते. पिल्लाची गोष्ट सांगितली तर ती पटकन म्हणाली, "ताई, तिनं जागा बघूनच ठेवली असंल ओ. आई वंगाळ जागंत पोरं ठेवत न्हाई." त्या एका वाक्यापुढे आमची मीटिंग मला फार लहान वाटली.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तक्रारी काही खोट्या नाहीत. घाण होते, वास येतो, सीटवर ओरखडे पडतात. पण उपाय तरी नीट हवा. फिनेल आणि डांबरगोळ्या मांजराच्या अंगाला विषासारख्या बाधतात. पोत्यात घालून अनोळखी जागी सोडलं, तर उपासमार ठरलेली. जनावराला असं उपाशी मरायला सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं मांजर येतंच.

खरा उपाय आहे तो नसबंदीचा. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा हे चालू राहतं. आमच्या सोसायटीने शेवटी वर्गणी काढली. पिल्लं दुधावरून सुटल्यावर आईचं ऑपरेशन करून आणलं. जिन्याखाली फळांचं एक लाकडी खोकं आडवं ठेवलं, आत जुनं गोणपाट. खर्च म्हणाल तर एका घराच्या हॉटेलच्या बिलाएवढासुद्धा आला नाही. वैतागलेल्या काकांनीच खोक्यावर प्लॅस्टिकचा कागद ठोकून दिला!

आणि रोजचा उपाय तर फुकटचा आहे. जपानमध्ये निस्सान या मोटार कंपनीने २०१५ साली 'नेको बानबान' नावाची मोहीम सुरू केली. नेको म्हणजे मांजर आणि बानबान म्हणजे थापटण्याचा आवाज. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, आतलं मांजर बाहेर पडेल, एवढंच सांगणं. मी त्यात थोडी भर घालते. थाप मारून क्षणभर थांबा आणि कान द्या. कारण मोठं मांजर पळेल, पण आठ दिवसांचं पिल्लू पळू शकत नाही, ते फक्त ओरडू शकतं. बारीकसा आवाज आला किंवा आवारात मांजरी व्यालेली असली, तर बॉनेट उघडून बघा. स्कूटरवाल्यांनी आणि रिक्षावाल्यांनीही वाकून एक नजर टाकावी.

दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवायची आपली रीत आहे. गाडी आपली आहे, हे खरं. पण रात्रभर तिथे कुणी राहायला आलेलं असू शकतं.

हे आता रोज सकाळी बॉनेटवर टकटक करतात. मुलगा हसतो. हे हसत नाहीत. त्यांनी तो आवाज ऐकलेला आहे.