गवसणी

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरात ‘कव्हर’ या शब्दाचा उत्सव. परवा सकाळीच सौभाग्यवतींनी फर्मान काढले, “अहो, सगळी कव्हरं धुवायला काढा.” तेवढ्यात कन्येच्या मोबाइलचे कव्हर फुटले. चिरंजीव क्रिकेटमधल्या कव्हर ड्राइव्हवर खूश होते. दुपारी आलेले विमा एजंट तर खुद्द मलाच कव्हर द्यायला निघाले होते!

शब्द आहे मात्र मोठा गोतावळ्याचा. ‘कर्फ्यू’ त्याच्याच कुळातला. मूळ फ्रेंच अर्थ ‘विस्तव झाका’. मध्ययुगीन युरोपात रात्रीची घंटा झाली की चुली झाकून ठेवायच्या. (२०२० च्या जनता कर्फ्यूत आमची चूल मात्र दिवसभर पेटलेली होती!) ‘कर्चिफ’ म्हणजे डोके झाकणारे वस्त्र, ते हातात आले आणि ‘हँडकर्चिफ’ झाले. ‘डिस्कव्हर’ म्हणजे तर आवरण दूर करणे.

मराठी शिकवणे हा माझा पोटाचा धंदा, तेव्हा मला आपले शब्द आठवले. उशीला अभ्रा, गादीला खोळ, तलवारीला म्यान, पोथीला बासन. आत काय आहे ते यातला प्रत्येक शब्द जाणतो. कव्हर सर्वांचे, म्हणून कोणाचेच नाही.

‘आकाशाला गवसणी घालणे’ याचा अर्थ एका विद्यार्थ्याने ‘आकाश सापडणे’ असा लिहिला होता. मी भर वर्गात त्याची थट्टा केली. आणि परवा कोपऱ्याकडे बोट दाखवून मीच कन्येला म्हणालो, “तंबोऱ्याचं कव्हर तेवढं काढ गं.”

तंबोरा माझ्या वडिलांचा. ते गेल्यापासून उघडलेला नाही. ते असते तर म्हणाले असते, “गवसणी म्हण, गाढवा!” शब्द कोशात सुखरूप आहे, घरातून तो माझ्याच तोंडून गेला.

“थांब,” मी म्हटले, “त्याला गवसणी म्हणतात.”

तिने नाडी सोडली, तार छेडली. बेसूर, पण घर भरून गेले.

“बाबा, ही आकाशाला घालायची?”

“तेवढी मोठी शिवायची!”

गवसणी आता दोरीवर वाळते आहे. ती पुन्हा घालायची घाई नाही. तंबोऱ्याला नव्या तारा आणायच्या आहेत, आणि सुट्टी संपली की त्या विद्यार्थ्याची क्षमाही मागायची आहे. भर वर्गात.