आधी उचलून पाहा

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे बाइकबद्दल एकच विचारणा सुरू होते : एक्सपल्स घेऊ की हिमालयन? एक्सपल्स 200 काय नि हिमालयन 450 काय, पुढचं चाक 21 इंची आणि सीट 820 मिलिमीटरच्या वरच. खरा फरक वजनाचा. पहिली साधारण 160 किलोची, दुसरी जवळपास 200 किलोची. हायवेवर हे जादाचे 40 किलो उलट सुखाचेच. गाडी रस्त्यावर घट्ट बसून चालते. पण कोकणातल्या लाल चिखलात ती आडवी झाली, की उचलायला बहुधा आपण एकटेच असतो. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

कच्च्यावर फूटपेगवर उभं राहा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि हँडल आवळू नका. पुढचं चाक थोडं हलणारच, हलू द्या. टायरमधली हवा जरा उतरवा, डांबर लागलं की पुन्हा भरा. (निम्मे लोक हेच विसरतात.) सोय असेल तर खडीच्या उतारावर मागचा एबीएस बंद ठेवा.

रोजचं ऑफिस आणि रविवारचा घाट एवढंच असेल, तर हलकी गाडी घ्या, असं आमचं मत. लडाखचं मनात असेल तर जड चालेल. पण टोकन देण्याआधी मित्राची गाडी आडवी करून, एकट्याने उचलून बघा.