नॉब निळ्यावर, हवा भट्टीतली!

मंडळी, एक सोप्पा प्रश्न. गाडीतला तो निळ्या-लाल पट्ट्याचा नॉब तुम्ही निळ्याकडे फिरवता तेव्हा नक्की काय होतं? 'थंड हवा येते' हे उत्तर बाद! अर्धा मार्कसुद्धा मिळणार नाही. कारण तो नॉब थंडी तयार करतच नाही. बहुतेक गाड्यांमध्ये तो फक्त डॅशबोर्डच्या आतली एक झडप हलवतो. ती झडप जागची हलली नाही, की भर मे महिन्यात तुमची लाडकी, ईएमआयवाली गाडी हीटर लावून बसते.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा विषय काढून बघा. टेबलावरचे सगळे एका सुरात सांगतील, "गॅस संपला असेल रे, भरून घे!" एसीचा गॅस म्हणजे आपल्याकडे सर्व रोगांवरचं एकच औषध. पण या औषधाने बरा न होणारा एक आजार आहे आणि तो मला कळला अणदूरला.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून हैदराबादला निघालो होतो. मागच्या सीटवर आई आणि सत्तरी ओलांडलेले, बीपीची गोळी घेणारे बाबा. सोलापूर सुटलं, नळदुर्ग मागे पडलं आणि समोरच्या जाळीतून एकदम गरम झोत यायला लागला. नॉब निळ्यावर, एसी चालू, ब्लोअर फुल्ल. काचा खाली केल्या तर बाहेर मराठवाड्याचं ऊन, पारा चाळिशीच्या पुढे. थोड्या वेळात बाबा गप्प झाले. प्रवासभर बोलणारा माणूस गप्प झाला, की एसी ही चैन उरत नाही हो!

अणदूर या हायवेवरच आहे. गाडी झाडाखाली घेतली, बाबांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, मानेवर ओला रुमाल ठेवला. ते जरा सावरल्यावर शहरातल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजला फोन लावला. उत्तर तयारच होतं, "गॅस गेला असेल सर. परत आलात की भरून टाकू." तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच भरला होता!

शेजारच्या पंक्चरवाल्याने एका मेकॅनिकला बोलावून घेतलं. पंचविशीचा पोरगा, हातात एक पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर. त्याने जाळीसमोर हात धरला आणि म्हणाला, "दादा, गॅस गेला तर हवा गार येणार नाही, बरोबर आहे. पण एवढी गरम कुठनं यायलीय? ती इंजिनातनं यायलीय."

बॉस, सगळं डायग्नोसिस या एका वाक्यात आहे. गार नसणं वेगळं आणि गरम असणं वेगळं.

डॅशबोर्डच्या मागे एक प्लॅस्टिकचा डबा असतो. ब्लोअरची हवा आधी एसीच्या गार जाळीतून जाते. पुढे हीटरचा छोटासा रेडिएटर असतो आणि त्यात इंजिनाचं साधारण ९० अंशांचं कूलंट खेळत असतं, बऱ्याच गाड्यांत तर बाराही महिने. हवा त्या रेडिएटरवरून जाणार की बाजूने, हे झडप ठरवते. ती गरमवर अडकली, तर एसीने मरमर करून गार केलेली हवा शेवटच्या क्षणी पुन्हा तापते. गरम आणि गार यांना एकाच यंत्रणेत नांदवण्याची आयडिया जुनी आहे. अमेरिकेत नॅश कंपनीने १९५४ सालीच तशी गाडी बाजारात आणली होती.

मग ओळखायचं कसं? त्या पोराने जे केलं, ते तुम्हीही करू शकता.

सगळ्यात आधी टेम्परेचरचा काटा बघा. तो वर चढत असेल तर प्रश्न इंजिनाचा आहे. गाडी थांबवा आणि इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. काटा जागेवर असेल तर पुढे चला.

आता एसी बंद करून नुसता ब्लोअर लावा, नॉब निळ्यावर. उन्हात उभी केलेली गाडी पहिली काही मिनिटं गरम हवा फेकणारच, तेवढा वेळ द्या. त्यानंतरही हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गरम असेल, तर हीटरकडे बोट दाखवा.

मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. केबलवाल्या गाडीत तो एकदम सैल फिरला तर केबल निसटलीय, फिरलाच नाही तर काहीतरी अडकलंय. मोटरवाल्या गाडीत कान द्या. बारीक घरघर आली तर मोटर निदान फिरतेय. टकटक आली तर बहुधा आतले दाते गेलेत. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, वायर किंवा मोटर.

शेवटची टेस्ट बॉनेटखाली. एसी चालू असताना त्याचा जाड पाइप चांगला गार लागायला हवा. (ओढणी, बाही, हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब! जमत नसेल तर मेकॅनिकला करू द्या.) पाइप गार आणि जाळीतून गरम हवा, म्हणजे एसी ठणठणीत आहे. गडबड झडपेची, किंवा ज्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर व्हॉल्व्ह असतो तिथे त्या व्हॉल्व्हची. पाइपच गार नसेल, तर मात्र गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सरचा पंखा यांची चौकशी करा.

आमच्या गाडीचा पाइप थंडगार होता आणि नॉब सैल. पायाजवळ केबलची क्लिप निसटली होती. पोराने झडप हाताने गारकडे ढकलली आणि तारेने बांधून टाकली. "पुण्यात नवी क्लिप बसवून घ्या," म्हणाला.

तोपर्यंत पंक्चरवाले काका बाबांना तिथल्या खंडोबाची गोष्ट सांगत होते. देव एकच, पण घरं दोन. वर्षातला बराच काळ अणदूरला, बाकीचा नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. देव कधी कुठे राहणार, याचा दोन्ही गावांत चक्क लेखी करार होतो. बाबा हसले. मला हायसं वाटलं आणि तो डबाही डोक्यात पक्का बसला. तिथेही पाहुणे दोन, गरम आणि गार. फक्त करार पाळायचं काम एका चिमुकल्या क्लिपवर!

आता पैशांचं बोलू. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्येच फिरत असतो. तीन महिन्यांत तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता पुन्हा भरलेला गॅस म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी! आणि झडप अडकलेली असेल, तर कितीही गॅस भरा, जाळीतून गरमच हवा येणार.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "गॅस भरू का सर?" म्हणालं, की पाकीट काढण्याआधी दोन प्रश्न विचारा. जाड पाइप गार आहे का? आणि नसेल, तर गळती कुठे आहे? उत्तर द्यायला समोरचा बॉनेट उघडून वाकला, तर गाडी त्याच्याकडे ठेवा. तो नुसताच खांदे उडवायला लागला, तर किल्ली परत घ्या.