चौथा भिडू पडद्यावर

ब्रिजच्या डावाला चार माणसे लागतात. मुंबई-पुण्यात ती जिमखान्यात सापडतात. हावडा-मुंबई लोहमार्गावर, सालेकसा आणि डोंगरगड यांच्या दरम्यान, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर वसलेल्या दरेकसा येथे ती कोठून आणावीत? हाजरा धबधबा पाहण्यास आणि माघ पौर्णिमेस कचारगडच्या यात्रेला तेथे माणसांची रीघ लागते. पण एरवीच्या संध्याकाळी तीन जाणकार भिडू जमवणे दुर्घटच. दुकानाचा कारभार मुलांकडे सोपवलेल्या, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपलेल्या गृहस्थाची संध्याकाळ तर फारच लांबते. ही उणीव आता मोबाइलच्या पडद्याने दूर केली आहे. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ हे स्थळ कॅनडाचे खेळाडू फ्रेड गिटेलमन यांनी 2001 साली सुरू केले आणि त्यावरील साध्या टेबलांवर आजही विनामूल्य खेळता येते.

तरीही अनेकजण नाव नोंदवतात, टेबल उघडून पाहतात आणि खेळण्यापूर्वीच बंद करतात. अडचण पत्त्यांची नसते. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हुकूम, समोरचा भिडू आणि हात मोजणे यांचा सराव असतोच. अडचण असते ती संकोचाची. बाजारात ज्याचा शब्द खाली पडत नाही, त्याला एखाद्या अनोळखी परदेशी माणसाकडून चूक ऐकून घ्यावी लागेल, ही कल्पनाच सहन होत नाही. घरच्या मेंढीकोटात चुकीचे पान पडले तर भाचे हसतात आणि डाव पुढे जातो. ब्रिजमध्ये मात्र भिडू आपल्या बोलीवर विसंबून राहतो. बोलीच्या पायऱ्या सात आणि प्रत्येक पायरीवर चार रंग व बिनहुकूम, म्हणजे 35 बोली; त्यात पास, डबल आणि रिडबल मिळवले की 38. हातातील तेरा पानांचे सारे वर्णन या 38 शब्दांतच करायचे. इस्पिकची पाने नसताना ‘एक इस्पिक’ म्हणणे म्हणजे खात्यात शिल्लक नसताना हुंडी लिहिणे होय. ती वटवण्याची वेळ भिडूवर येते. नवशिक्याच्या भीतीला म्हणूनच आधार आहे. ती भ्याडपणाची खूण नव्हे.

परंतु पडद्यावरील टेबल या भीतीचा बराचसा भार उचलते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. प्रत्यक्ष टेबलावर मागितलेल्या रंगाचे पान हातात असता दुसरे टाकले तर दंड बसतो. संगणक असे पान टाकूच देत नाही. बोलीची पाळी कोणाची, किती हात झाले, हे सारे तोच सांभाळतो. थरथरत्या बोटाने भलतेच पान जाऊ नये म्हणून प्रत्येक बोली व पान निश्चित करून घेण्याची सोय मांडणीत आहे. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. शिवाय तिन्ही बाजूंना यंत्रमानव बसवून एकट्यानेही खेळता येते. मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी घडवलेला ‘जिब’ हा यंत्रमानव कोणत्या बोलीचा काय अर्थ घेईल, हे बोली देण्यापूर्वीच पडद्यावर दाखवतो. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1, असे पत्त्यांच्या जोडात 40 गुण. बारा-तेरा गुणांवर बोली उघडावी आणि दोघांचे मिळून पंचवीसएक झाले की गेमचा विचार करावा, एवढा हिशेब अंगवळणी पडेपर्यंत यंत्रमानवाची संगत उत्तम. तो रागावत नाही. मात्र तेथेच रमू नये. यंत्रमानवाशी महिनोन्‌महिने खेळणाऱ्यास त्याच्या लकबी पाठ होतात, पण माणसाशी जुळवून घेणे तसेच राहते.

माणसांच्या टेबलावर बसण्यापूर्वी काही संध्याकाळी नुसते पाहावे. तशी मुभा असते. नंतर आपली ओळख लिहिताना दर्जाच्या रकान्यात ‘नवशिका’ हेच लिहावे. तेथे स्वतःला तज्ज्ञ म्हणवणारे इतके आहेत की त्या शब्दाला फारशी पत उरलेली नाही. खरे लिहिले की भिडूची अपेक्षा बेताची राहते आणि बोलणी बहुधा टळतात. संवादाच्या चौकटीत ‘डब्ल्यूडीपी’ असे आले तर घाबरू नये. ‘वेल डन, पार्टनर’ याचे ते लघुरूप, म्हणजे शाबासकीच आहे. कोणी खरोखरच उर्मट निघाला तर डाव पुरा करून, नमस्कार लिहून दुसऱ्या टेबलावर जावे. डाव अर्धवट टाकून जाणे मात्र फारच गैर मानतात.

सर्वांत खरा उपाय म्हणजे ठरलेला भिडू. पुण्याचा पुतण्या, रायपूरची लेक, अमेरिकेतील नातू, कोणीही चालेल. पाच पानांशिवाय इस्पिक-बदामाने उघडायचे नाही, 15 ते 17 समतोल गुणांवर ‘एक बिनहुकूम’, इतके दोघांत ठरले तरी आरंभाला पुरे. पुस्तकातील भारी क्लृप्त्या वर्षभर बाजूला ठेवाव्यात. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे. खेळताना भिडूशी फोन चालू ठेवू नये आणि एकाच घरात दोन खोल्यांत बसून हाक मारून विचारू नये. प्रेमापोटी असे सहज घडते, पण ब्रिजमध्ये ती लबाडी ठरते. 2020 साली महामारीने क्लब बंद पडून सारा खेळ पडद्यावर आला, तेव्हा चोरट्या माहितीच्या प्रकरणांत काही नामवंत खेळाडूंचीही नावे बुडाली.

आता घरातील ज्येष्ठांचा आक्षेप. द्यूत हे सप्त व्यसनांतील पहिले. मग पत्ते हाती घ्यावेतच का? आक्षेप पैजेला आहे आणि तो योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीविषयी निकाल देताना तीन पानी डावांना निव्वळ नशिबाचे ठरवले, तर रमीतील नशिबाची तुलना ब्रिजच्या वाटपातील नशिबाशी करून कौशल्याला महत्त्व दिले. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. तेव्हा पैजेचे निमंत्रण कोणत्याही पडद्यावर आले तरी त्याकडे पाठ फिरवावी. बिनपैशाच्या ब्रिजमध्ये गमवायचे असतात ते फक्त हात.

वयाची सबबही टिकत नाही. 2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी मिळवले, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. त्यांनीही साठी ओलांडली होती. आणि यंत्राच्या धास्तीबद्दल म्हणाल, तर बिल गेट्स यांचे स्नेही असूनही वॉरन बफे संगणकाला हात लावत नसत. 1990 च्या दशकात त्यांना तो हाताळायला लावला विश्वविजेत्या शेरन ऑस्बर्ग यांनी, तोही ब्रिज खेळता यावा म्हणून.

आरंभी एका बैठकीत आठ डाव पुरेत. त्यांना सुमारे तास लागतो. डोळे थकले की बोली चुकते. बैठक संपल्यावर झालेल्या डावांची नोंद अवश्य उघडावी. तीच पाने इतर टेबलांवर कोणी कशी खेळली, हे तेथे शेजारी-शेजारी दिसते. ज्या ‘चार बदाम’ने आपली रात्रीची झोप उडवली, त्याच बोलीवर स्वतःला तज्ज्ञ म्हणवणारेही कित्येकदा एका हाताने बुडालेले आढळतात.