भुताचा पिच्चर आणि तेलाची विहीर

पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा.

आपल्या आष्ट्यातली पाच-सहा पोरं भुताचा पिच्चर काढतायत. वीसेक मिनिटांचा. एक मोबाईल, दोन एलईडी लाईट, भाड्याचा जनरेटर आणि रात्रीची फुकटची मोकळी रानं, एवढंच भांडवल. नावं सांगत नाही, यूट्यूबवर आला की कळेलच. गोष्ट अशी: एक शेतकरी पाण्यासाठी बोअर मारतो. पाचशे फूट, सातशे फूट, पाणी नाही. शेवटी वर येतं काळं, चिकट काहीतरी. गाव म्हणतं, तेल लागलं! पेढे वाटले जातात, जमिनीचे दर वाढतात. आणि मग रोज रात्री एकेक माणूस उठून त्या बोअरकडे चालत जायला लागतो.

गोष्ट गावात फुटली आणि दोन बाजूंनी पोरांचं कीर्तन सुरू झालं. एका पुढाऱ्यानं सुनावलं, "देश तेलासाठी जिवाचं रान करतोय आणि तुम्ही तेलाच्या विहिरीतनं भूत काढताय? ही विकासविरोधी मानसिकता." दुसऱ्या बाजूनं एक पर्यावरणवाले मित्र म्हणाले, "भूत कशाला? तेल कंपन्याच भुतं आहेत, त्या जमीन गिळतात हे सरळ दाखवा." पोरं बिचारी मधल्या मधी.

माझं मत विचारलं म्हणून इथं मांडतोय. माझ्या मते पोरांनी नकळत बरोबर जागेवर बोट ठेवलंय. कारण आपल्या देशात देशी तेलावरचा वाद गेली कैक वर्षं भुताच्या पिच्चरसारखाच चाललाय. दोन्ही बाजूंनी.

आधी पिच्चरचं बोलू. भयपट हा गरिबाचा सिनेमा आहे आणि त्यात आपल्या सातारा जिल्ह्याचाही वाटा आहे. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला. मोठा सेट लावायला पैसे नव्हते, म्हणून घरची माणसं आणि मोजकी टीम घेऊन मंडळी महाबळेश्वरला गेली, तिथल्या गेस्ट हाऊसमध्ये उतरली आणि तिथंच पिच्चर काढला. तो चालला आणि हिंदीत भयपटांची एक रांगच लागली. अलीकडचा ‘तुंबाड’ घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा पिच्चर २०१८ ला आला तेव्हा थिएटरात जेमतेम चालला, २०२४ ला पुन्हा लावला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला. त्यात भूत नावालाच आहे. खरी गोष्ट आहे ती जमिनीच्या पोटातल्या सोन्याची आणि ‘अजून एकदाच खाली उतरतो’ म्हणणाऱ्या माणसाची.

स्वस्तातला भयपट ज्याच्या जोरावर चालतो ती गोष्ट एकच. भूत दाखवायचं नाही. दार अर्धवट उघडं ठेवायचं. बघणारा उरलेलं स्वतःच रचतो. बत्ती लावली की खेळ संपला.

आता तेलाकडे या.

पहिल्या बाजूचा पिच्चर असा: आपल्या जमिनीखाली, समुद्राखाली अफाट खजिना आहे, फक्त खोदायची खोटी. अमेरिकेत २००८ पासून रिपब्लिकन सभांमध्ये ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’ अशी घोषणाच आहे. आपल्याकडे मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी उद्दिष्ट ठेवलं होतं की कच्च्या तेलाच्या आयातीवरचं अवलंबन, जे तेव्हा ७७ टक्के होतं, ते २०२२ पर्यंत १० टक्क्यांनी कमी करायचं. आज ते ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. देशातलं उत्पादन २०११-१२ मध्ये साधारण ३.८ कोटी टन होतं, ते आता ३ कोटी टनांच्याही खाली आलंय. हा कुणा एका पक्षाचा दोष म्हणून सांगत नाही. जुनी क्षेत्रं म्हातारी झाली, गाड्या वाढल्या, नवं मोठं क्षेत्र हाती लागलं नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या शोधाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. शोध घ्यावा, जरूर घ्यावा. पण आधीच्या उद्दिष्टाचं काय झालं, हा हिशेब मागितला की लगेच ‘देशविरोधी’चा शिक्का बसतो. म्हणजे दार अर्धवट उघडं, आत काय आहे ते विचारायचं नाही.

दुसऱ्या बाजूचा पिच्चर असा: विहीर खणली की सगळं संपलं. हेही खरं नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात ‘सागर सम्राट’नं १९७४ ला तेल शोधलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं. त्या ‘बॉम्बे हाय’नं पन्नास वर्षं या देशाला तेल दिलं. आपल्या घरातला गॅस, रानातली खतं, एसटीचं डिझेल, या सगळ्यात त्याचा वाटा आहे. तेलाला शिव्या घालणारी पोस्टही मोबाईल चार्ज करून, पेट्रोल जाळत ऑफिसला जाऊनच लिहिली जाते. माझीही तशीच.

मग भ्यायचं कशाला? आहे, भ्यायला जागा आहे. फक्त ती अमावस्येच्या रात्रीत नाही, सरकारी कागदात आहे.

आसामात तिनसुकिया जिल्ह्यात बागजान नावाचं गाव आहे. २७ मे २०२० ला तिथल्या ऑईल इंडियाच्या विहिरीतून वायू उसळायला लागला. ९ जूनला त्यानं पेट घेतला. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. हजारो माणसं छावण्यांत गेली, शेजारच्या मागुरी बिलातले मासे मेले, पक्षी मेले. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. पाच महिने एका गावाच्या उशाला जाळ होता. आपल्या महाराष्ट्रातलं बघा. २७ जुलै २००५ ला बॉम्बे हायच्या एका प्लॅटफॉर्मला आग लागली, २२ जण गेले. सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पातल्या आगीत चार जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायजवळ ‘पी ३०५’ बार्ज बुडाला. वादळाचा इशारा आधीच होता. बार्जवर २६१ माणसं होती, त्यातली सत्तरहून अधिक परत आली नाहीत. यात कुठलं भूत होतं सांगा. दाब होता, वाफ होती, वारा होता आणि वेळेवर न घेतलेले निर्णय होते.

आता मुद्द्याचं. एखाद्या गावाच्या शिवारात असा प्रकल्प येणार असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे आघात अहवाल करायचा, लोकांसमोर ठेवायचा आणि जनसुनावणी घ्यायची. मांडव घालतात, कलेक्टर ऑफिसचे लोक येतात, माईक असतो, कुणी शेतकरी उठून चार प्रश्न विचारतो, उत्तर द्यावं लागतं आणि ते लिहून घ्यावं लागतं. कंटाळवाणा कार्यक्रम असतो. मी बातमीदार म्हणून अशा बऱ्याच सुनावण्यांना बसलोय, कधीकधी डुलकीही लागते. पण बत्ती म्हणतात ती हीच.

१६ जानेवारी २०२० ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढून तेल-वायूच्या शोधासाठीच्या खोदकामाला ‘बी २’ वर्गात टाकलं. म्हणजे काय? शोधाची विहीर असेल तर तो सविस्तर आघात अहवाल नको, जनसुनावणी नको. सरकारचं म्हणणं असं की शोध हे तात्पुरतं काम आहे, तेल सापडून उत्पादन सुरू करायचं ठरलं की सुनावणी होईलच. ऐकायला बरं वाटतं. बागजानची विहीर उत्पादनाची होती, शोधाची नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट होऊन ११ कामगार गेले, तेव्हा ती शोधाचीच विहीर होती. जमिनीखालचा दाब आपला वर्ग कुठला ते विचारत नाही. आणि दुसरं, कोट्यवधी रुपये खर्चून तेल सापडल्यावर जी सुनावणी होईल तिथं ‘नको’ म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार? साखरपुडा, मानपान, हॉल बुकिंग सगळं उरकल्यावर मुलीला ‘पसंत आहे का’ विचारल्यासारखं झालं.

तामिळनाडूनं तेव्हा काय केलं? तिथल्या मुख्यमंत्र्यांनी विरोधाचं पत्र पाठवलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कावेरी खोऱ्यातला भातशेतीचा पट्टा संरक्षित कृषी क्षेत्र करणारा कायदाच केला. तिथं नवे तेल-वायू प्रकल्प नकोत असं सरळ लिहिलं. बरोबर की चूक हे बाजूला ठेवा, पण चर्चा उघड्यावर झाली, विधानसभेत झाली. आणि २०२५ मध्ये संसदेनं १९४८ चा तेलक्षेत्र कायदा बदलला. जुन्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड होता. आता कैद गेली, दंड २५ लाखांपर्यंत नेला. हजार रुपये दंड म्हणजे चेष्टाच होती, तो वाढवला हे चांगलं केलं. पण माणसं गेली तर कंपनी चेक फाडून मोकळी होणार का, या प्रश्नावर आपल्या भागात किती जण बोलले? एकही चहाचा कट्टा मला आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, आष्ट्यात कुठलं तेल? खरं आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी कराडच्या सरकारी संशोधन संस्थेनं खोल छिद्रं पाडली, २०१७ ला एक तर तीन किलोमीटर खोल गेलं. तिथं काळा कातळ संपला की थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो. तेल साठतं ते गाळाच्या खडकात, तो मधे आढळलाच नाही. तेव्हा पोरांच्या पिच्चरमधलं तेल पिच्चरपुरतंच.

तरी हा विषय आपला आहे. कारण आपल्याकडची तेलविहीर म्हणजे ऊस. पेट्रोलमधलं इथेनॉल. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या, आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही असा आदेश दिल्लीहून आला. आठवडाभरात थोडी सूट, पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी मागं. साखर कमी पडेल ही सरकारची काळजी खोटी होती असं नाही. पण ज्याच्या रानातला ऊस, त्याला कुणी विचारलं? रात्रीत दिवा गेला, सकाळी कळलं.

आणि जमिनीखालून वर येणाऱ्या गोष्टीचं म्हणाल तर आपल्याला आसामला जायची गरज नाही. पोरं शूटिंग कुठं करतायत माहितीय? क्षारपड रानात. चांदण्यात ती पांढरी पडलेली जमीन बघितली की सेट लावायची गरजच नाही. एकेकाळी तिथं सोन्यासारखा ऊस होता. पाणी बेसुमार दिलं, निचरा केला नाही, खालचे क्षार वर आले. हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. कुणी शाप दिला नव्हता. वेळेवर कुणी विचारलं नाही आणि ज्यांनी विचारलं त्यांना वेड्यात काढलं, एवढंच.

सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर याच मातीतले. भुताची गोष्ट कानावर आली की त्यांच्या चळवळीचं सांगणं साधं असायचं: चला, जाऊन बघू. भिणाऱ्याला हसायचं नाही आणि भीती विकणाऱ्याला सोडायचं नाही. २०१३ ला त्यांचा खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तीच पद्धत तेलाला लावा. खजिना आहे म्हणणाऱ्याला विचारा, किती, कुठं, किती वर्षांत, आणि मागच्या आकड्याचं काय झालं? सत्यानाश होणार म्हणणाऱ्याला विचारा, कशानं, किती अंतरात, आणि मग इंधन कुठून आणायचं? उत्तर देईल तो खरा.

पोरांना मी एवढंच सांगितलं, पिच्चर पूर्ण करा, कुणाचं ऐकून भूत काढू नका. ‘बी २’ वर्गाची बातमी मी दहा वेळा लिहिली तरी दहा माणसं वाचणार नाहीत, तुमचा बोअर हजारो बघतील. चौंडेश्वरीच्या भावईला रात्री जागवणाऱ्या गावाला खेळातली भीती कळते. खऱ्या भीतीची ओळख तेवढी राहिलीय.

आणि पुढाऱ्यांना, सगळ्या पक्षांच्या, एक मागणी. पोरांना विकास शिकवण्याआधी आपल्या खासदारांकडून एवढं करून घ्या: शोधाच्या विहिरीलाही जनसुनावणी परत लागू करा, आणि अशा प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी, कुणालाही वाचता येईल असा ठेवा. इथेनॉलचे आदेश काढतानाही शेतकऱ्याला आधी कळू द्या. पैसा लागत नाही याला. एक सुधारित अधिसूचना आणि थोडी लाज पुरेशी आहे.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण भांडताना आकडा घेऊन या.