खोडदच्या आकाशाखालची उन्हाळी वाचनयादी

१/ सुट्टीतील इतिहासवाचनाची यादी बहुधा शिवनेरीपासून सुरू होते आणि कादंबऱ्यांवर थांबते. कादंबरी गोडी लावते. पुरावा वाचायला शिकवत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसराला शोभेल अशा यादीत त्यासाठी तीन पुस्तके हवीत.

२/ वा. वि. मिराशी यांचे ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’. नाणेघाटातील ब्राह्मी लेख यज्ञ आणि दक्षिणा मोजतो : गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे. सत्तेला स्वतःविषयी काय सांगायचे होते, ते येथे कळते.

३/ हालाची ‘गाथासप्तशती’, स. आ. जोगळेकर यांनी संपादिलेली. शिलालेखाने वगळलेली शेते, गावे आणि घरातले रुसवेफुगवे येथे महाराष्ट्री प्राकृतात बोलतात.

४/ जयंत नारळीकर यांचे ‘आकाशाशी जडले नाते’. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिने टिपलेला एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. आकाश हेही एक दप्तरच.

५/ शिवचरित्र यानंतर हाती घ्यावे. समकालीन पत्र आणि उत्तरकालीन बखर यांना एकाच तागडीत तोलू नये, हे तेव्हा वेगळे शिकवावे लागणार नाही.